न्याय्य सुनावणीचा हक्क आणि अपील
(स्कॉट्सबरो खटल्याचा एक अभ्यास)



आपल्या रविवारच्या अभ्यासवर्गात एकदा वस्तीतील एक मावशी आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत घडी घालून ठेवलेले निकालपत्र. मुलाला सत्र न्यायालयात सात वर्षांची शिक्षा झाली होती. निकाल लागून चार महिने उलटले होते. आम्ही विचारले, "मावशी, अपील केलं का?" त्या म्हणाल्या, "भाऊ, कोर्टानं एकदा सांगितल्यावर पुन्हा त्यांनाच कसं विचारायचं? आणि माफी मागायला त्यानं केलंय तरी काय?"

मावशींच्या या उत्तरात दोन गैरसमज होते. निकाल लागला म्हणजे सर्व संपले, हा पहिला. अपील म्हणजे दयेची याचना, हा दुसरा. आम्ही स्वतः बँकेत कारकुनी करणारे, कला शाखेचे पदवीधर, वकील नव्हे. तरी त्या दिवसापासून हा विषय आम्हाला स्वस्थ बसू देईना. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हाच विषय घेतला आहे. खटला न्याय्य रीतीने चालला नाही, या मुद्द्यावर शिक्षेविरुद्ध अपील करता येते काय? ते कशाच्या बळावर जिंकले जाते? आणि जिंकल्यावर नेमके काय मिळते? या तीन प्रश्नांची उत्तरे अमेरिकेतील एका खटल्यात जितकी स्पष्ट मिळतात तितकी क्वचितच कोठे मिळत असतील. तो खटला म्हणजे स्कॉट्सबरो खटला. प्रथम तो समजून घेऊ आणि मग आपल्या देशाकडे वळू.

मालगाडीतील नऊ मुले

२५ मार्च १९३१ चा दिवस. जागतिक मंदीचे वर्ष. काम शोधत गावोगाव फिरणारी गोरी आणि कृष्णवर्णीय मुले विनातिकीट मालगाड्यांतून प्रवास करीत असत. त्या दिवशी टेनेसी राज्यातील चॅटनूगाहून निघालेली एक मालगाडी अलाबामा राज्यातून जात होती. गाडीत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांत मारामारी झाली. गोऱ्या मुलांना गाडीतून खाली उतरविण्यात आले आणि त्यांनी स्टेशनमास्तरकडे तक्रार केली. पेंट रॉक नावाच्या छोट्या स्टेशनात बंदूकधारी जमावाने गाडी अडविली आणि नऊ कृष्णवर्णीय मुलांना पकडले. सर्वात लहान सुमारे तेरा वर्षांचा, सर्वात मोठा विशीच्या उंबरठ्यावरचा. यांतील चौघेच एकमेकांना ओळखत होते. बाकीच्यांची गाठ त्या दिवशीच पडली होती.

त्याच गाडीत दोन गोऱ्या स्त्रियाही सापडल्या. त्यांनी या मुलांवर बलात्काराचा आरोप केला. त्या काळच्या अलाबामात या आरोपाची शिक्षा मृत्यू असू शके. मुलांना जवळच्या स्कॉट्सबरो गावातील तुरुंगात नेले, तेव्हा बाहेर जमाव जमला. जमावाने मुलांना ओढून काढून ठार मारू नये म्हणून राज्यपालांना सैनिक बोलवावे लागले.

अटकेनंतर अवघ्या बाराव्या दिवशी, म्हणजे ६ एप्रिल १९३१ रोजी, खटले सुरू झाले आणि ९ एप्रिलपर्यंत संपलेही. नऊपैकी आठ जणांना मृत्युदंड. सर्वात लहान मुलाबाबत बारा नागरिकांच्या पंचमंडळात, म्हणजे ज्यूरीत, एकमत झाले नाही, म्हणून तो वाचला. सरकारी वकिलाने त्याच्या कोवळ्या वयामुळे जन्मठेपच मागितली होती, पण ज्यूरीतील बहुतेकांना फाशीसारखीच शिक्षा हवी होती. आठ जणांना विजेच्या खुर्चीत बसविण्याची तारीख ठरली १० जुलै १९३१.

वकील होते, पण बचाव नव्हता

येथे कोणीही म्हणेल, की आरोपींना वकील नव्हते असे तर नाही! कागदोपत्री वकील होते. हीच या खटल्याची खरी शिकवण आहे.

न्यायाधीशांनी सुरुवातीस गावातील सर्वच वकिलांना मिळून आरोपींच्या वतीने नेमले होते. सर्वांची जबाबदारी ती कोणाचीच नव्हे, हा अनुभव आपल्या मंडळांतही आपण घेतोच. एकाही वकिलाने तपास केला नाही, साक्षीदार शोधले नाहीत, मुलांच्या घरी निरोप पाठविला नाही. खटल्याच्या दिवशी सकाळी टेनेसीहून स्टीफन रॉडी नावाचे एक वकील आले. त्यांचा व्यवसाय मुख्यतः जमीनजुमल्याच्या व्यवहारांचा. त्यांनी न्यायाधीशांना उघडच सांगितले, की आपण रीतसर नेमलेले वकील नाही, तयारी करावयास वेळ मिळालेला नाही आणि अलाबामाची कार्यपद्धती आपणास ठाऊक नाही. त्यांच्या मदतीला माइलो मूडी नावाचे सत्तरीला टेकलेले एक स्थानिक वकील उभे राहिले. झाले, एवढ्यावर खटला चालला.

तयारी करणारा वकील असता तर त्याला काय सापडले असते? एक आरोपी गुप्तरोगाने इतका जर्जर होता की त्याला धड चालताही येत नव्हते. दुसऱ्याला जवळजवळ दिसतच नव्हते. घटनेनंतर दोन तासांच्या आत स्त्रियांना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या साक्षीत आरोपाशी न जुळणाऱ्या अनेक गोष्टी होत्या. हे सर्व त्या पहिल्या खटल्याच्या वेळीही अस्तित्वात होते. परंतु पुरावा आपोआप बोलत नाही. त्याला बोलते करणारा माणूस लागतो.

अपील : प्रश्न बदलला

शिक्षा झाल्यावर दोन संघटना पुढे आल्या. एक होती कम्युनिस्टांच्या पुढाकाराने चालणारी इंटरनॅशनल लेबर डिफेन्स आणि दुसरी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी जुनी संघटना एन.ए.ए.सी.पी. खटला कोणी चालवावा यावरून दोघींत कडवा वाद झाला. अखेर जानेवारी १९३२ मध्ये दुसरी संघटना बाजूला झाली. पुढे १९३५ च्या अखेरीस दोघींना एका संयुक्त समितीत यावेच लागले. मधल्या काळात मुले तुरुंगातच होती. श्रेयाच्या भांडणाची किंमत नेहमी तिसराच माणूस मोजतो, हे आपल्या कार्यकर्त्यांनी विसरू नये.

अपील दाखल झाल्याने फाशीची तारीख टळली. मार्च १९३२ मध्ये अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने सात जणांची शिक्षा कायम केली. एक जण अल्पवयीन असल्याने त्याची शिक्षा रद्द केली. मात्र त्या न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांनी, जॉन अँडरसन यांनी, बहुमताविरुद्ध मत नोंदविले, की या मुलांना न्याय्य खटला मिळालेला नाही.

प्रकरण वॉशिंग्टनला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे बचावाच्या वकिलांनी विचारपूर्वक प्रश्न बदलला. "मुलांनी गुन्हा केला की नाही?" हा प्रश्न त्यांनी पुढे केला नाही. "दोषी ठरविण्याची रीत न्याय्य होती की नाही?" हा प्रश्न त्यांनी विचारला. अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौदाव्या दुरुस्तीप्रमाणे कोणतेही राज्य कायद्याच्या योग्य प्रक्रियेवाचून कोणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावू शकत नाही. ज्या खटल्यात आरोपीला वकील केवळ नावापुरता आहे, ती योग्य प्रक्रिया कशी म्हणावी?

७ नोव्हेंबर १९३२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी शिक्षा रद्द केल्या. हाच 'पॉवेल विरुद्ध अलाबामा' हा सुप्रसिद्ध निकाल. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड हे पुरोगामी म्हणून प्रसिद्ध नव्हते, उलट जुन्या वळणाचे समजले जात. त्यांनी परिस्थिती मांडली : मुले कोवळ्या वयाची, निरक्षर, घरापासून दूर, आप्तांशी संपर्क नाही, भोवती खवळलेला समाज आणि डोक्यावर मृत्यूची टांगती तलवार. अशा वेळी वकील नेमणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे, आणि तयारीला वेळ न देता केलेली नेमणूक ही नेमणूकच नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्या. सर्वोच्च न्यायालयाला स्कॉट्सबरोच्या कचेरीत काय घडले हे कसे कळले? रॉडी आणि न्यायाधीश यांच्यातील ते संभाषण खटल्याच्या कामकाजात शब्दशः नोंदले गेले होते. न्यायमूर्तींनी तेच आपल्या निकालपत्रात उतरवून दाखविले. अपील न्यायालय साधारणपणे नव्याने साक्षीदार बोलावीत नाही, ते नोंद वाचते. जे नोंदीत नाही ते त्याच्या दृष्टीने बहुधा घडलेलेच नसते. अपिलाची पायाभरणी खालच्या न्यायालयात, खटला चालू असतानाच होते ती अशी.

दुसरे अपील : भिंगाखालची यादी

शिक्षा रद्द झाली, मुले मात्र सुटली नाहीत. अन्याय्य खटल्याच्या मुद्द्यावर अपील जिंकले की बहुधा मिळतो तो फेरखटला. तो १९३३ च्या वसंतात डेकेटर गावी सुरू झाला. या वेळी न्यूयॉर्कचे नामवंत फौजदारी वकील सॅम्युएल लिबोविट्झ बचावाला उभे राहिले. आरोप करणाऱ्या दोघींपैकी रूबी बेट्स हिने स्वतः न्यायालयात येऊन सांगितले, की असे काही घडलेच नव्हते. तरीही ज्यूरीने हेवूड पॅटरसन याला पुन्हा दोषी ठरवून मृत्युदंड दिला. मात्र न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी साक्षीपुरावा काटेकोरपणे तपासून जून १९३३ मध्ये तो निर्णय रद्द केला. पुढच्या वर्षी ते न्यायाधीशपदाची निवडणूक हरले. न्यायाची किंमत केवळ आरोपीच देतो असे नाही, कधी न्यायाधीशालाही द्यावी लागते.

दुसऱ्या न्यायाधीशांपुढे पुन्हा खटला आणि पुन्हा मृत्युदंड. परंतु लिबोविट्झ यांनी खटल्याच्या आरंभीच एक हरकत नोंदवून ठेवली होती. या जिल्ह्यांतील ज्यूरीवर पिढ्यान्पिढ्या एकही कृष्णवर्णीय माणूस का नाही? त्यांनी पात्र, सुशिक्षित कृष्णवर्णीय नागरिकांना साक्षीस बोलावून ते नोंदीवर आणले. अधिकाऱ्यांनी यादी पुढे केली आणि म्हटले, ही पाहा कृष्णवर्णीयांची नावे आहेत! लिबोविट्झ यांनी दाखवून दिले की ती नावे मागाहून घुसडलेली आहेत. सर्वोच्च न्यायालयात ते मूळ वही घेऊनच गेले आणि न्यायमूर्तींनी ती भिंगातून पाहिली. १ एप्रिल १९३५ रोजी 'नॉरिस विरुद्ध अलाबामा' या प्रकरणात सरन्यायाधीश ह्यूज यांनी एकमताचा निकाल दिला, की एका वंशाच्या लोकांना ज्यूरीतून पद्धतशीर वगळणे हा समान संरक्षणाच्या तत्त्वाचा भंग आहे. शिक्षा दुसऱ्यांदा रद्द झाली.

पुढे काय झाले, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जुलै १९३७ मध्ये चौघांवरील आरोप मागे घेऊन त्यांना सोडण्यात आले. सहा वर्षांहून अधिक तुरुंगवास भोगून! उरलेल्यांपैकी चौघांना या आरोपाखाली पुन्हा दोषी ठरविण्यात आले आणि एकाला शेरीफच्या सहायक अधिकाऱ्यावरील हल्ल्याबद्दल शिक्षा झाली. क्लॅरेन्स नॉरिस याचा मृत्युदंड १९३८ मध्ये जन्मठेपेत बदलला. पॅरोलवर सुटणाऱ्यांतील शेवटचा १९५० मध्ये बाहेर आला. नॉरिसला अलाबामाने पूर्ण माफी दिली ती १९७६ साली. आणि उरलेल्या तिघांना मरणोत्तर माफी मिळाली ती २१ नोव्हेंबर २०१३ रोजी, म्हणजे अटकेनंतर ब्याऐंशी वर्षांनी.

मग अपील करून मिळाले काय? पहिले म्हणजे जीव. आठांपैकी एकालाही विजेच्या खुर्चीत बसावे लागले नाही. दुसरे म्हणजे पुढच्या पिढ्यांसाठी कायदा. १९६३ साली क्लॅरेन्स गिडियन नावाच्या एका गरीब गोऱ्या कैद्याने फ्लोरिडाच्या तुरुंगातून पेन्सिलीने लिहिलेल्या अर्जावर त्याच न्यायालयाने निर्णय दिला, की गंभीर गुन्ह्याच्या प्रत्येक खटल्यात गरीब आरोपीला सरकारने वकील दिलाच पाहिजे. नऊ कृष्णवर्णीय मुलांनी जे कमावले ते गोऱ्यांच्याही कामी आले. हक्काचे स्वरूपच असे असते.

धम्मातील रीत आणि बाबासाहेब

आरोपीला ऐकून घेतल्याशिवाय निर्णय नाही, हा विचार आपल्याला परका आहे काय? मुळीच नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात संघाने एखाद्या भिक्खूवर कारवाई कशी करावी याचे नियम आहेत. भिक्खूच्या गैरहजेरीत, त्याला न विचारता किंवा त्याने मान्य न करता केलेली कारवाई धम्माला धरून नाही, असे तेथे स्पष्ट आहे. वाद मिटविण्याच्या सात रीतींत पहिलीच रीत 'सम्मुखाविनय', म्हणजे संबंधितांच्या समोर निर्णय करणे. अडीच हजार वर्षांच्या या परंपरेचे आपण वारस आहोत.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर अपिलाचे काम प्रत्यक्ष केले होते. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाच्या प्रकरणात केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर व त्यांच्या सहकाऱ्यांना पुण्यात बदनामीबद्दल शिक्षा झाली. १९२६ मध्ये अपिलात बाबासाहेबांनी त्यांची बाजू मांडली आणि ते निर्दोष सुटले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याकडेही बाबासाहेबांचे लक्ष होते. १९४६ साली त्यांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती.

घटना समितीत 'योग्य प्रक्रिया' हे अमेरिकी शब्द आपल्या कलम २१ मध्ये घेतले गेले नाहीत. त्याची भरपाई म्हणून बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी एक नवे कलम मांडले. तेच आजचे कलम २२. अटकेचे कारण कळण्याचा, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले जाण्याचा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करण्याचा हक्क त्यात आला.

आपल्या देशातील वाटचाल

१९५१ साली हैदराबाद राज्यातील कैद्यांच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे पॉवेल खटल्याचा दाखला देण्यात आला होता. त्या वेळी न्यायालयाची भूमिका अशी राहिली, की केवळ वकील नव्हता एवढ्यावरून खटला आपोआप रद्द ठरत नाही. पुढे काळ बदलला. ४२ व्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेविषयक मदतीचे कलम ३९-अ आले. १९७८ मध्ये होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितले, की किमान एक अपील, निकालपत्राची मोफत नक्कल वेळेवर मिळणे आणि गरीब कैद्याला वकील मिळणे हे न्याय्य प्रक्रियेचे भाग आहेत. १९८६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील सुक दास प्रकरणात तर न्यायालयाने शिक्षाच रद्द केली. आरोपीने मोफत वकील मागितला नव्हता, हे खरे. पण असा हक्क आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते!

महाराष्ट्रातील अलीकडचे उदाहरण प्रत्येकाने लक्षात ठेवावे. २००३ सालच्या एका गुन्ह्यासाठी नाशिक येथील खटल्यात भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना मृत्युदंड झाला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना मृत्युदंडच ठोठावला. परंतु फेरविचारात मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते आणि ही गोष्ट न्यायालयापुढे येऊ दिली गेली नव्हती. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. आयुष्यातील सोळा वर्षांची ही किंमत! कागदाचे एक पान दडविले गेले आणि सहा जीव फाशीच्या दारापर्यंत गेले.

मात्र एक गोष्ट समजून घ्यावी. खटल्यातील प्रत्येक चुकीमुळे शिक्षा रद्द होत नाही. त्या चुकीमुळे न्यायाचा घात झाला, हे अपिलात दाखवावे लागते. "आमच्यावर अन्याय झाला" हे वाक्य पुरेसे नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या साक्षीच्या वेळी, काय नाकारले गेले आणि त्यामुळे बचावाचे काय नुकसान झाले, हे सांगावे लागते.

प्रत्यक्षात काय करावे?

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू झाली आहे. तिच्यातील आणि संबंधित कायद्यांतील मुख्य गोष्टी पुढीलप्रमाणे :

१) दंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेविरुद्ध सामान्यतः सत्र न्यायालयात आणि सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील होते (कलम ४१५). अगदी किरकोळ शिक्षांना अपील नसते.

२) मुदत महत्त्वाची आहे. सत्र न्यायालयाकडे अपिलासाठी ३० दिवस, उच्च न्यायालयाकडे ६० दिवस. मृत्युदंड असेल तर ३० दिवस. निकालाची नक्कल मिळण्यास लागणारा काळ यातून वगळला जातो. मुदत टळली तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण विलंबाचे खरे कारण द्यावे लागते.

३) तुरुंगवासाची शिक्षा झाल्यास निकालपत्राची नक्कल आरोपीला तत्काळ आणि विनामूल्य मिळाली पाहिजे (कलम ४०४). ती घेतल्याशिवाय आवारातून बाहेर पडू नये.

४) आरोपी तुरुंगात असेल तर तो तुरुंगाधिकाऱ्यांमार्फतही अपील पाठवू शकतो. अपिलासोबत शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागता येतो (कलम ४३०).

५) "गुन्हा कबूल करून टाक, लवकर सुटशील" हा सल्ला विचार न करता मानू नये. कबुलीवरून शिक्षा झाली तर अपील बहुधा शिक्षेचे प्रमाण आणि कायदेशीरपणा यांपुरतेच उरते.

६) विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. अनुसूचित जातीच्या सवलतीसाठी जातीचा दाखला घरात तयार ठेवावा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही माहिती मिळते.

७) खटला चालू असतानाच घरातील एकाने साधी वही ठेवावी. तारीख, कोण साक्षीदार आला, वकील हजर होते काय, उलटतपासणी झाली काय, कोणता अर्ज दिला, त्यावर काय आदेश झाला. वकील भेटत नसतील किंवा तारखेला येत नसतील, तर तसे न्यायालयाला लेखी अर्जाने कळवावे, म्हणजे ते नोंदीवर येईल.

आम्ही बँकेत रोज पाहतो. संध्याकाळी हिशेबात दहा रुपये जुळले नाहीत, तर एकेक स्लिप काढून पाहिल्याशिवाय कोणी घरी जात नाही. माणसाच्या आयुष्याच्या हिशेबात मात्र आपण एकही स्लिप जपून ठेवीत नाही!

समारोप

त्या मावशींचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. संस्थेतील दोघे त्यांच्यासोबत विधी सेवा प्राधिकरणात गेले. मुलगा कोठडीत असल्याने मोफत वकील मिळाला. कागद चाळताना वकिलांना आढळले, की दोन मुख्य साक्षीदारांची उलटतपासणी झालीच नव्हती. मुलगा म्हणत होता, की त्याला दिलेले वकील फक्त तारखेला दिसत, तुरुंगात कधी भेटले नाहीत. ते जर त्याने एका ओळीत तरी लिहून दिले असते! ती ओळ नाही, पण न झालेली उलटतपासणी नोंदीत आहे. विलंब माफ झाला आणि अपील दाखल करून घेतले गेले. निकाल काय लागेल हे आम्ही सांगू शकत नाही आणि सांगणे योग्यही नाही. कदाचित शिक्षा कायमही होईल. आमचे म्हणणे एवढेच, की ती कायम व्हायची असेल तर त्याची बाजू पूर्ण ऐकून घेतल्यावर व्हावी.

१९३२ साली स्कॉट्सबरोच्या दोन मुलांची आई, एडा राइट, आपल्या लेकरांसाठी युरोपभर फिरली, सभांतून बोलली. आमच्या मावशी जिल्ह्याच्या न्यायालयापर्यंत फिरल्या. दोघींची मागणी एकच होती, की आमच्या मुलाला नीट ऐका. ही मागणी दयेची नाही. ती हक्काची आहे आणि मुदतीत, लेखी, पुराव्यानिशी करावयाची आहे. शिकलेल्या मुलामुलींनी आपल्या वस्तीत एवढे जरी सांगितले, की निकालपत्र हातात पडले त्या दिवसापासून दिवस मोजायचे असतात, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

जय भीम! नमो बुद्धाय!

अभ्यासासाठी प्रश्न

१. स्कॉट्सबरोच्या पहिल्या खटल्यात आरोपींना वकील होते, तरी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा का रद्द केल्या?
२. अपील न्यायालय 'नोंद' वाचते, याचा अर्थ दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
३. 'सम्मुखाविनय' आणि भारतीय संविधानाचे कलम २२ यांत कोणता समान विचार आहे?
४. सत्र न्यायालयात शिक्षा झालेल्या कैद्याच्या कुटुंबाने पहिल्या साठ दिवसांत कोणती कामे करावीत, याची यादी करा आणि ती वस्तीत वाचून दाखवा.